तर्री कोणाच्या वाटीत

प्रिय विमल,

‘प्रिय’ लिहिताना हात अडखळला. अडतीस वर्षांच्या संसारात मी तुला एकही पत्र लिहिलं नाही. लिहायची वेळच आली नाही, तू कायम हाकेच्या अंतरावर, स्वयंपाकघरात. आज लिहायला बसलोय, कारण आज सकाळी एका डॉक्टरीणबाईंनी मला एक प्रश्न विचारला. तोच प्रश्न आठ महिन्यांपूर्वी तुझ्या वेळी एका डॉक्टरनं विचारला होता. तेव्हा मला उत्तर देता आलं नव्हतं. आजही आलं नाही!

तुझ्या वेळचं तुला ठाऊक नसणार, तू शुद्धीवर नव्हतीस. पोळा होऊन आठच दिवस झाले होते. तू ओट्यापाशी कोसळलीस आणि मी शेजारच्यांना गाडी काढायला लावून तुला दवाखान्यात नेलं. तिथला तरणा डॉक्टर हातात कागद घेऊन बाहेर आला. म्हणाला, यांच्या अंगात रक्त म्हणून उरलेलं नाही, आणि हे काही चार दिवसांत झालेलं नाही, कित्येक वर्षं चाललंय. मग त्यानं विचारलं, “काका, या रोज काय जेवायच्या?”

मी काय जेवायचो ते मी त्याला वारासकट सांगितलं असतं. बुधवारी शेवभाजी, रविवारी अंड्यांचा रस्सा, हिवाळ्यात भरीत आणि कळण्याची भाकरी. पण तू? तू काय जेवायचीस, विमल? किती वाजता? कुठे बसून? मी तुला जेवताना पाहिलेलंच नव्हतं. “आम्ही खातो तेच की,” असं काहीतरी मी पुटपुटलो आणि त्या पोरानं ते लिहूनही घेतलं. तिसऱ्या दिवशी तू गेलीस.

थांब, आधी तुला बातमी द्यायला हवी. आपल्या माधूला दिवस आहेत. आठवा लागलाय. लग्नाला सहा वर्षं झाली म्हणून तू देव पाण्यात घालून बसली होतीस ना? एरंडोलहून चालत पद्मालयाच्या गणपतीला पाच चतुर्थ्या केल्यास. पाचव्या वेळी वाटेत तीनदा बसलीस, आणि मी घरी म्हणालो होतो की हे रिकामे उद्योग कोणी सांगितलेत. तू गेलीस आणि दोन महिन्यांत माधूचा फोन आला. फोन ठेवला आणि मी सवयीनं आत वळून तुला हाक मारली. उत्तर येईना तेव्हा लक्षात आलं.

सातवा लागल्यावर मी तिला आणायला धुळ्याला गेलो. तिच्या सासूबाई बिचाऱ्या समजुतीनं बोलत होत्या. विहीणबाई नाहीत, तर माधूला इथेच राहू द्या, आम्ही सगळं करतो, असं म्हणत होत्या. पण माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. चारचौघांत मी छाती फुगवून सांगितलं, पहिलं बाळंतपण माहेरीच होणार, आमच्यात तशीच रीत आहे. परत येताना पारोळ्याच्या पुढे गाडीत माझ्या डोक्यात उजेड पडला. माहेर म्हणजे काय? मेहरूणचं ते घर, ज्यात एक म्हातारा राहतो आणि ज्याला चहाशिवाय काही करता येत नाही, त्याला काय माहेर म्हणायचं?

पहिले आठ दिवस डबा लावला. डब्यातल्या भाजीवर बोटभर तेल आणि खाली नुसता बटाटा. माधूला ती पचेना, ओकून ओकून पोरगी पिवळी पडली. पायांवर सूज. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की हिला ओट्याशी उभं करायचं नाही. मग मी नवव्या दिवशी कमरेला पंचा गुंडाळला. अडुसष्टाव्या वर्षी! तू असतीस तर पदर तोंडात धरून हसली असतीस.

विमल, तेहतीस वर्षं मी दीपनगरच्या वीजकेंद्रात बॉयलरवर काढली. दाब किती, तापमान किती, पाण्याची पातळी किती, सगळं काट्यावर. काटा इकडचा तिकडे झाला की मला पाठ फिरवूनही कळायचं. आणि इथे तुझ्या त्या दोन शेगड्यांपुढे मी हात टेकले. मोबाईलवर बघावं तर त्या बाया सांगतात, ‘चवीनुसार मीठ’. कोणाच्या चवीनुसार? ‘तेल चांगलं तापलं की’. चांगलं म्हणजे किती? मी वहीत मापं लिहायला घेतली आणि दुसऱ्याच दिवशी ती वही ओट्यावरच्या तेलात भिजली.

पहिल्या दिवशी तेल इतकं तापवलं की मसाला पडताच काळा ठिक्कर झाला. माधू खोकत अंगणात, मी खोकत अंगणात, गल्लीतली दोन माणसं काय पेटलं म्हणून दारात. दुसऱ्या दिवशी भीतीनं गॅस इतका बारीक ठेवला की कांदा शिजला पण लाल झाला नाही. तिसऱ्या दिवशी मीठ घातलं, फोन आला, बोललो आणि पुन्हा मीठ घातलं. तुझी भाजी बिघडल्याचं मला आठवत नाही. बिघडली असेल तर ती माझ्यापुढे आली नसणार. मग ती कोणी खाल्ली?

शेवटी कोकिळाअक्कांना दया आली. शेजारच्या, तुझ्याच माहेराकडच्या, साक्रीच्या. तुम्ही दोघी कुंपणाशी उभ्या राहून तासभर अहिराणीत बोलायच्या आणि मी आतून चहासाठी ओरडायचो. त्या आल्या, खुर्ची ओढून स्वयंपाकघराच्या दारात बसल्या, कारण गुडघ्यांमुळे त्यांना उभं राहवत नाही. म्हणाल्या, “भाऊ, एक रस्सा जमना का बठ्ठं जमनं समजा.” सगळं आलंच मग, त्यात बटाटा घाला, वांगं घाला, अंडी सोडा नाहीतर वरून शेव टाका.

त्यांनी मला पहिल्या इयत्तेपासून शिकवलं. सुक्या खोबऱ्याची वाटी चिमट्यात धरून थेट जाळावर भाजायची. कांदा उभा चिरून तेलावर लाल करायचा, घाई केली की रस्सा गोडसर लागतो. लसूण, आलं, कोथिंबीर आणि हे सगळं थंड झाल्यावरच मिक्सरला. मग ते वाटण तेलात परतत राहायचं. इथेच मी दर वेळी चुकायचो. पाच मिनिटं झाली की मला वाटायचं झालं, आणि अक्का खुर्चीतून नुसत्या वासावर सांगायच्या, “कच्चं शे भाऊ. तेल सुटू द्या, घाई नका करा.” वाटणानं कडेनं तेल सोडलं की मग काळा मसाला, हळद, तिखट. त्यानंतर पाणी, तेही उकळतं. मी गार पाणी ओतायचो म्हणून तर्री वर येत नव्हती, हे कळायला मला अकरा दिवस लागले. बॉयलरवाल्याला गार पाण्याचं समजू नये! अक्का हसल्या आणि मीही हसलो. तू गेल्यानंतर पहिल्यांदा.

बाराव्या दिवशी तर्री आली. वांगी-बटाट्याचा रस्सा होता. झाकण काढलं तर वर लाल तवंग, अगदी तुझ्यासारखा, आणि घरभर तोच वास. माझे डोळे भरून आले. माधूही आतल्या खोलीतून भिंतीला धरत आली आणि पातेल्यात बघत उभी राहिली.

आणि विमल, मग मी काय केलं सांगू? ताट घेतलं, पळीनं वरची सगळी तर्री माझ्या वाटीत काढली आणि जेवायला बसलो. माधू म्हणाली, “नाना, तुम्ही जेवून घ्या, मी मग जेवते.” मी म्हणालो बरं. दोन वाट्या रस्सा ओरपला, बोटं चाटली, स्वतःलाच शाबासकी दिली आणि कूलरपुढे आडवा झालो. त्या दिवसानंतर रोज असंच चाललंय. मी करतो, मी वाढून घेतो, मी जेवतो, मी झोपतो. मला वाटत होतं, मी पोरीला जेवू घालतोय.

आज सकाळी तपासणी होती. डॉक्टरीणबाईंनी कागद पाहिला आणि कपाळाला आठ्या घातल्या. रक्त सातवर आलंय. महिन्यापूर्वी नऊ होतं. म्हणजे धुळ्याहून आणली तेव्हा नऊ आणि माझ्या घरी, माझ्या हातचं खाऊन सात! गोळ्या नियमानं घेते, ते मी रोज बघतो. माधूला विचारलं तर ती म्हणाली, जेवते की मॅडम, सगळं जेवते. बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे वळल्या. “काका, तुम्ही सांगा. ही काय जेवते?”

तोच प्रश्न. माझ्या कानशिलात कोणी मारावी तसं झालं. मी काय सांगणार होतो? अठ्ठावीस दिवस पोरगी माझ्या घरात आहे, आणि मी तिला एकदाही जेवताना पाहिलेलं नाही. मी मान खाली घातली. बाई म्हणाल्या, असंच राहिलं तर रक्त चढवावं लागेल, आणि बाळंतपणाच्या वेळी काय होईल ते मी आज सांगू शकत नाही. माधू पोटावर हात ठेवून भिंतीवरचं चित्र बघत बसली होती.

रिक्षात मी ठरवलं, आज बघायचंच. घरी आलो, मटकीचा रस्सा केला, भाकऱ्या अक्कांनी पाठवल्या होत्या. ताटं घेतली. आणि ती म्हणाली, “तुम्ही जेवून घ्या नाना, उन्हातून आलात. मी मग जेवते.” मी बसलो! विमल, मी बसलो आणि जेवलो! सकाळीच कान उपटले गेले होते, तरी हात आपोआप वाटीकडे गेला. सवय म्हणतात ती ही. शेवटचा घास तोंडात असताना आठवलं.

मी रोजच्यासारखा पलंगावर जाऊन पडल्याचं सोंग केलं. आतून भांड्यांचा आवाज आला तसा उठून दारात उभा राहिलो. दुपारचे दोन वाजले होते. आपली माधू एवढं पोट घेऊन खाली पाटावर बसली होती. पातेल्याच्या तळाशी उरलेल्या रश्श्यात तिनं तांब्यातलं पाणी ओतलं, ढवळलं आणि सकाळची वाळकी भाकरी त्यात कुस्करली. मटकी जवळजवळ नव्हतीच. चांगली भाकरी फडक्यात गुंडाळून ठेवलेली, आणि वाटीभर मटकी वेगळी काढून झाकलेली, माझ्या रात्रीच्या जेवणासाठी.

मी विचारलं, हे काय चाललंय. ती दचकली नाही की लाजली नाही, अगदी सहज म्हणाली, “मला असंच आवडतं नाना. आई पण असंच खायची.”

विमल, आई पण असंच खायची.

मी तिच्यासमोर खाली बसलो. मी तिला विचारत गेलो आणि ती सांगत गेली, जसं काही तुझ्या पातळाचा रंग सांगावा. दीपनगरच्या क्वार्टरमध्ये तू माझं ताट वाढायचीस, त्यात सगळी तर्री. मग माधूचं, त्यात फोडी. मग रात्रीसाठी माझी वाटी काढून ठेवायचीस. उरलेल्यात पाणी घालून, त्यात शिळी भाकरी चुरून तू ओट्याच्या कडेला बसून खायचीस. उन्हाळ्यात कधी तेही नसलं तर मीठ-मिरची आणि पाणी. माधू लहानपणी तुझ्याजवळ बसून त्यातलाच घास मागायची, तिला तो गमतीचा वाटायचा. “सगळ्या बायका असंच जेवतात असं मला वाटायचं,” म्हणाली.

आणि मी? मी पुढच्या खोलीत ढेकर देत असायचो. तुझा एकच आवाज माझ्या कानात आहे, “तुम्ही जेवी ल्या, मी मंग जेवसू.” अडतीस वर्षं मी तो आवाज ऐकला आणि त्यात मला प्रेम ऐकू आलं. प्रेम होतंच. पण त्या ‘मंग’ नंतर काय होतं, हे बघायला मी दहा पावलं चाललो नाही.

तुला तो रविवार आठवतो का? मी न सांगता शिफ्टमधले चार जण जेवायला घेऊन आलो होतो. पातेलं एवढंसं. तू आतून बघितलंस, काही बोलली नाहीस, आणि पाचही जणांना पुरून उरेल एवढा रस्सा वाढलास. मी मिशीवर ताव देत सांगितलं होतं, आमच्या घरची भाजी कधी सरत नाही. सगळे हसले. आता स्वतः केल्यावर मला कळतंय की रस्सा सरत नाही म्हणजे काय होतं. पाणी घालत राहिलं की तो सरत नाही. आधीच्या वाट्या दाट जातात आणि मागच्या वाट्यांत नुसतं रंगीत पाणी. त्या दिवशी तुझ्या वाटीत काय होतं? होतं का काही?

आणि ती दुसरी गोष्ट, जी मला लिहायलाही लाज वाटते. सेकंड शिफ्ट करून आलो होतो आणि रस्सा पातळ झाला म्हणून मी ताट सरकवलं होतं. म्हणालो होतो, हे काय गुरांचं पाणी आहे का? तू ते ताट उचललंस आणि मला दुसरं काहीतरी करून दिलंस. ते गुरांचं पाणी मग तूच प्यालीस ना?

तू बोलली का नाहीस, विमल? एकदा तरी ताट आपटायचं होतंस! एकदा तरी म्हणायचं होतंस की आज आधी मी बसते, तुम्ही वाढा! मी चिडलो असतो, आरडाओरडा केला असता, दोन दिवस अबोला धरला असता. मग समजलो असतो. समजलो असतो का? खरं सांगू, नसतो समजलो. आज सकाळी बाईंनी बजावलं तरी मी आधी जेवूनच उठलो होतो. बैल गेला आणि झोपा केला, अशातली माझी गत.

पण एक तक्रार मी करणार, राग मानू नकोस. तुझं तू काय केलंस ते केलंस. पोरीला का हे शिकवलंस? तिला तू पोळ्या शिकवल्यास, पुरण शिकवलंस, ते बरं केलंस. त्याबरोबर पातेल्याच्या तळाशी बसायलाही शिकवलंस! तू तोंडानं शिकवलं नसशील. ती बघत होती. पोटातल्या बाळाच्या वाटणीचंही ती मागे सारतेय आणि म्हणतेय, मला असंच आवडतं. तिला ते खरंच आवडतं, विमल. त्या पाण्यात तिला तू सापडतेस. आता मी ते तिच्या हातातून कसं काढून घेऊ?

मी मात्र ते फार वाईट तऱ्हेनं काढून घेतलं. माझा राग तुला ठाऊक आहे, तो माझ्यावरच आला आणि निघाला तिच्यावर. तिच्यापुढचं पातेलं मी उचललं आणि सगळं मोरीत ओतलं. ओरडलो, तुलाही तिच्यासारखंच मरायचंय का! शब्द तोंडातून गेला आणि मला कळलं की मी काय बोललो. आठवा महिना लागलेल्या पोरीला! ती भिंतीला धरून उठली, आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. माझ्या रात्रीसाठी झाकलेली मटकी मी तिच्यासाठी गरम केली, चांगली भाकरी घेतली, दाराशी ताट ठेवलं. ती आतून म्हणाली, भूक नाही. म्हणजे आज, रक्त सातवर आलेलं असताना, माझ्यामुळे ती कुस्करलेली भाकरीसुद्धा तिच्या पोटात गेली नाही. ते ताट अजून दाराशीच आहे. मटकीवर साय धरलीय.

पाच वाजता अक्का आल्या. त्यांना आमच्या घरातलं काही ठाऊक नव्हतं. त्या आखाजीचं विचारायला आल्या होत्या. परवा अक्षय तृतीया, आपली आखाजी, तू गेल्यानंतरची पहिली. तुझ्या नावानं घागर भरायची, पुरणपोळी, आंब्याचा रस, आणि निखाऱ्यावर आगारी टाकायची, पहिला घास तुझ्या नावानं. पुरणपोळ्या त्या करून देणार आहेत. रस्सा मी करायचा, असं त्यांनीच ठरवलं. आणि सांगितलं, “भाऊ, आगारी टाकापावत घरमा कोणी खाऊ नये.” म्हणजे आगारी पडेपर्यंत सगळ्यांना उपास, आणि भटजींना तीन घरं आहेत, आपल्याकडे यायला त्यांना एक-दीड वाजेल.

पहिला घास तुझा! ऐकून मला हसू आलं की काय झालं कोण जाणे, अक्का माझ्याकडे बघत राहिल्या. जिवंत होतीस तोवर पातेलं खरवडलंस आणि आता राख झाल्यावर सगळ्यांच्या आधी तुझं पान! तुपाची धार धरून! केवढा मान! हा मान मला एकदा, एका बुधवारी, एका वाटी शेवभाजीपुरता तुला देता आला असता.

तेवढ्यात आतून माधूचा आवाज आला. दुपारनंतरचा पहिलाच. म्हणाली, “अक्का, मी उपास धरीन दीडपर्यंत. आईची पहिली आखाजी आहे. आईच्या आधी मी घास घेणार नाही.” अक्कांचे डोळे भरले. म्हणाल्या, लेक असावी तर अशी. चव्वेचाळीस अंशांचं ऊन, आठवा महिना, अंगात रक्त नाही, आणि ती सकाळपासून दीडपर्यंत उपाशी राहणार, तुझ्यासाठी. तू मेल्यावरही ती तुझ्या मागे बसणार.

अक्का गेल्यापासून मी हे लिहितोय. दिवेलागणीला अजून वेळ आहे. मला काही सुचत नव्हतं म्हणून तुलाच विचारायला बसलो होतो, आणि लिहिता लिहिता कळलं की तुला विचारून उपयोग नाही. तू म्हणशील, पोरीला आधी द्या, माझं काय, मी मंग जेवसू. अडतीस वर्षं हेच म्हणालीस. हेच ऐकून मी तुला मारलं.

पण या वेळी मला तुझं तेच वाक्य लागणार आहे, विमल. दुसरं काही माझ्या हातात नाही. माधू माझं ऐकत नाही, ऐकावं असं मी काही केलेलं नाही. ऐकलं तर ती तुझंच ऐकेल.

म्हणून तुला शब्द देतो. परवा मी पहाटे उठून रस्सा करीन. खोबरं नीट भाजीन, तेल सुटेपर्यंत परतीन, पाणी उकळतं घालीन. सातच्या आत माधूचं ताट वाढीन. सगळी तर्री तिच्या वाटीत. अक्का नावं ठेवतील, भटजी नावं ठेवतील, बाटलं म्हणतील. म्हणू देत. माधू नाही म्हणेल. मी तिच्यासमोर जमिनीवर बसून राहीन, हे पत्र तिच्या हातात देईन, आणि ताट रिकामं होईपर्यंत उठणार नाही. ती रडली तरी नाही, चिडली तरी नाही. दीड वाजता निखाऱ्यावर तुझ्या नावानं जे पडेल ते तिच्या मागून उरलेलं असेल. तुला उष्टं चालणार नाही म्हणतात. तुला आयुष्यभर चाललं.

इतकी वर्षं तुला शेवटी बसवलं ते न बघता. परवा बसवणार ते बघून, जाणून. त्याची माफी मागायला मला तोंड नाही, आणि परवा ती जेवेल याचीही खात्री नाही. जेवली तरी रक्त वाढेल की नाही, कोणास ठाऊक.

आणखी एकदा सगळ्यांच्या मागून जेव, विमल. पोरीसाठी.

तुझा,
रघुनाथ